करवंदाचा वास

"रिओहा," सर म्हणाले.

"रिओआ," हरेश म्हणाला.

"ह. हरेशचा ह."

"रिओहा, सर."

"आता जमलं. टेबलापाशी गेलात की पुन्हा रिओआ!"

सगळे हसले, हरेशही हसला. आम्हीचं आमी करणाऱ्या मुलखात त्या बिचाऱ्या ह-चा टिकाव लागणं कठीणच होतं. कळंबच्या या रिसॉर्टवर हरेश वेटर होता, तरुणपणापासून. नव्या मालकांनी रेस्टॉरंटला स्पॅनिश थाट द्यायचं ठरवलं आणि रिओहासारख्या तिकडच्या वाइन शिकवायला मुंबईहून देवेश सरांना बोलावलं. परीक्षेत पास होईल तो पांढऱ्या शर्टात आत राहणार, नापास होईल त्याची रवानगी पार्किंगच्या फाटकावर. फाटक रस्त्याला लागून होतं आणि त्या रस्त्यानं हरेशची सगळी भावकी ये-जा करायची. शिट्टी घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायची कल्पनाच त्याला सोसवत नव्हती.

नावं पाठ करणं त्याला जड नव्हतं. अडचण वेगळीच होती. कोविडच्या तापात त्याचा वास गेला होता. गावात सगळ्यांचाच गेला आणि सगळ्यांचा परत आला, याचा तेवढा आला नाही. तिखट-मीठ कळायचं, बाकी काही नाही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वेटरला वास येत नाही म्हटल्यावर त्याला आत कोण ठेवणार?

मग त्यानं डोकं लढवलं. शिकवणीत उरलेली वाइन तो घोटघोटभर घरी आणू लागला आणि बायकोचं, विनिताचं नाक उसनं घेऊ लागला.

"ओळख बगू, कसला वास हाय?"

"शी! आईंच्या फोटोम्होरं दारू हुंगायला लावताय?" असं म्हणून तिनं फोटोकडे पाठ केली आणि पेल्यात नाक घातलं. "करवंदाचा. पिकल्याला. आन मागनं जुन्या पेटाऱ्याचा."

ती रिओहा. दुसरी काळपट, गोड. तिला काकवीचा वास होता.

"ही हेरेस गावची," हरेश म्हणाला.

"आवो, ही तर तुमच्याच नावाची!" विनिता पदर तोंडाला लावून हसली.

हरेशनं हिशेब बसवला. रंग बघायचा आणि विनिता काय म्हणाली ते आठवायचं. लाल म्हणजे करवंद, काळपट म्हणजे काकवी, फिकट म्हणजे लिंबाची साल. विनिताला हा खेळ फारच आवडला. नवऱ्यानं आजवर इतकं मन लावून तिचं मत कधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळ झाली की ती वाट बघत बसायची.

परीक्षेत हरेशपुढे लाल ग्लास आला. त्यानं तो फिरवला, नाकाशी धरला.

"रिओहा," तो ह घोटून म्हणाला. "पिकलेली करवंदं. मागनं जुनं लाकूड."

शेजारी उभ्या असलेल्या सुरभीनं, त्याच्याबरोबर टेबलं सांभाळणाऱ्या मुलीनं, हळूच त्याची बाही ओढली. हरेशला वाटलं, ह पुन्हा निसटला.

"परत वास घ्या, हरेश," सर म्हणाले.

"करवंदंच, सर. एकदम ताजी."

या वेळी कुणीच हसलं नाही. बूच खराब होऊन ती बाटली नासली होती. ओल्या गोणपाटाचा वास सगळ्यांना येत होता. अशी वाइन गिऱ्हाइकापर्यंत जाता कामा नये; ती कोण ओळखतं हे बघायला सरांनी ती मुद्दामच ठेवली होती.

सर माणूस चांगला होता. "सर्दी झालीय का तुम्हाला? पुढच्या आठवड्यात परत घेऊ."

हो म्हटलं असतं तर आठवडा निघाला असता. मग पुन्हा सर्दी, पुन्हा आठवडा. हरेशनं ग्लास जपून खाली ठेवला.

"सर्दी नाय, सर. मला वासच येत नाय. कोविडपासनं."

सुरभी उगाच ग्लास गोळा करू लागली. उद्यापासून फाटकावर या, असं मॅनेजरनं जाताना सांगितलं, तेही हळू आवाजात.

हरेश घरी आला तेव्हा विनिता नुकतीच शेजारणीकडून धावत आली होती. गप्पांच्या नादात चुलीवरचा भात करपला होता. धूर विरला होता, पण वास घरभर कोंडला होता. आता बोलणी बसणार, म्हणून तिनं पातेलं पाठीमागे सरकवलं आणि घाईनं विचारलं, "काय झालं परीक्षेचं?"

सांगायचं म्हणूनच तो वाटभर चालत आला होता. पण तिचा चेहरा बघून त्यानं तोंड चुलीकडे वळवलं. मग नवा तांदूळ घरात आला की तो दर वर्षी म्हणायचा तेच म्हणाला.

"नव्या तांदळाचा काय घमघमाट सुटलाय गं!"

हा टोमणा आहे असं समजून विनितानं वर पाहिलं. टोमणा नव्हता. पांढऱ्या शर्टाची बटणं काढता काढता तो चुलीकडे नाक करून खरंच वास घेत होता. करवंद, काकवी, लिंबाची साल, रोज संध्याकाळी पुढे येणारा तो पेला, सगळ्याचा अर्थ तिला एकदम कळला.

"हां," ती म्हणाली, "नव्याचाच हाय."

वरवरचा पांढरा भात तिनं त्याला वाढला. पातेलं मोरीत नेलं आणि खरवडल्याचा आवाज होऊ नये म्हणून पाणी घालून बोटांनीच करपलेला थर काढत बसली.