फेस उतरलेला ड्रम

थोरल्या जाऊबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या आणि रोपवाटिकेतला निळा ड्रम धाकटीच्या गळ्यात पडला. आजवर तिने कुंड्या भरल्या होत्या, गिऱ्हाइकं सांभाळली होती. ड्रमला हात लावायची वेळ आली नव्हती. त्यात कंपोस्टचा चहा व्हायचा. मुरलेल्या कंपोस्टची पुरचुंडी पाण्यात सोडायची, थोडी उसाची मळी घालायची आणि माशांच्या टाकीला असतो तसल्या पंपाने खालून सतत हवा सोडायची. हवेवर चांगले जिवाणू वाढतात, झाडांना मानवतात. हवा थांबली की फेस उतरतो आणि तेच पाणी कुजतं.

धाकटीचा पाय एका जागी ठरेना. हातातलं काम टाकून ती बुडबुडे बघायला यायची, झाकण उचलून वास घ्यायची. नवरा म्हणाला, अगं, दूध नाही ते उतू जायला. ती हसली नाही. जाऊबाई दवाखान्यातल्या पलंगावरून फोनवर शेळ्या हाकत होत्या: पाणी शिळं घे, पुरचुंडी तळाला टेकू देऊ नकोस. सार्वजनिक बागेतले गुलाब मरगळले होते, आणि तिथल्या माळ्याला त्यांनी हा चहा द्यायचा शब्द दिला होता.

दुपारी वीज गेली. धाकटी बादलीने पाणी उपसून उंचावरून परत ड्रममध्ये ओतत राहिली. दंड भरून आले. नवऱ्याने थोडा हात दिला, मग तो रोपं पोचवायला गेला. दिवेलागणीला पंप सुरू झाला, तेव्हा कुठे तिने घर गाठलं.

सकाळी झाकण उचललं तर फेस उतरलेला. मातीचा वास जाऊन गटाराचा आला होता. की भास होता? तिने इतक्यांदा वास घेतला की नाकाचाच भरवसा राहिला नाही. तेवढ्यात माळी टाकी घेऊन हजर. खत म्हटल्यावर वास यायचाच, द्या, असं म्हणत त्याने नळीही लावायला घेतली. तिने जाऊबाईंना फोन लावला. कोणी उचलला नाही. मग तिने ड्रम मागच्या पडीक जागेत आडवा केला. माळी तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेला.

माळ्याने कळवल्यावर जाऊबाईंचा फोन आला.

"ओतलंस? शब्द मी दिला होता. मला विचारायचं तरी."

"फोन केला होता, ताई. तुम्ही उचलला असतात आणि 'दे' म्हणाला असतात, तर मी दिलंही असतं. उचलला नाहीत तेच बरं झालं."

जाऊबाईंनी फोन ठेवून दिला.

दिवसभर तिला काही सुचेना. ड्रम घासताना हवेच्या नळ्या सोडवल्या, तर आत जुना बुळबुळीत थर साचलेला. म्हणजे वीज आल्यावरही हवा धड पोचत नव्हती. थर जाऊबाईंच्या काळातला होता. ते ती कोणाला बोलली नाही. नळ्या घासल्या, उन्हात वाळवल्या आणि नवीन पाणी भरून चहा पुन्हा लावला.

जाऊबाई काठी टेकत परतल्या त्या घरात न जाता थेट ड्रमपाशी. वाकून वास घेतला. चांगला म्हणाल्या नाहीत, वाईटही नाही. माळी परत आला, कधी मिळेल म्हणून त्यांनाच विचारू लागला.

"तिला विचारा," त्या म्हणाल्या. "ड्रम आता तिचा आहे."

धाकटीला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "सकाळी बघून सांगते," आणि पुन्हा झाकण उचलायला वळली.