हिरड्यांना विसावा नको

मित्रांनो, मी एक जुना, दात घासायचा ब्रश आहे. माझे केस आता चारी दिशांना पांगले आहेत, तेव्हा माझं रूप मनावर घेऊ नका. कारखान्यातून निघालो तेव्हा मी मऊ, सरळ आणि जरासा गर्विष्ठही होतो.

माझी मालकीण बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. पूर्वी तिचे बाबाही वाजवायचे. मग त्यांचे वरचे पुढचे दात हलू लागले, एकेक करून पडले आणि वाद्य पेटीत गेलं ते गेलंच. ट्रम्पेट ओठांवर टेकतं खरं, पण ओठांना आधार दातांचाच लागतो.

सुरुवातीचे माझे दिवस मजेत गेले. मग एका सकाळी माझ्या केसांना रक्त लागलं. मालकिणीने मला उजेडात धरून असं काही न्याहाळलं, की मी जागच्या जागी गुन्हेगार ठरलो. ती बाबांकडे गेली.

"ओठ सुजले की आपण काय करतो? विसावा देतो," बाबा म्हणाले. "मग हिरड्यांनाही दे. पुढचे दात घासूच नकोस काही दिवस."

वाजवणाऱ्यांच्या घरातला हा नियम ओठांसाठी सोळा आणे खरा आहे. हिरड्यांचा मात्र त्याने घात केला. ती मला मागच्या दाढांवरून फिरवायची आणि पुढे नुसती चूळ भरायची. पुढच्या दातांच्या मुळाशी चिकट थर साचत गेला, हिरड्या लालभडक होऊन फुगल्या. मला सगळं दिसत होतं, पण ब्रशचं ऐकतो कोण?

एकदा सरावानंतर तिला ट्रम्पेट ओठांना टेकतं तिथे रक्त दिसलं. ती न्हाणीघरात येऊन स्टुलावर बसली आणि रडली. "बाबांचं झालं तेच माझं होणार," एवढंच ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ब्रश दाखवावा म्हणून मलाही पिशवीत घातलं. बाईंनी प्रत्येक दाताभोवती बारीक सळीने तपासलं.

"दात जाणार का हो हिचे?" बाबांनी विचारलं.

"नाही जाणार. हिरड्या सुजल्यात, पण आतलं हाड शाबूत आहे. वेळेवर आलात. रक्त येतं म्हणून घासणं सोडलंत, म्हणून तर ते वाढलं."

बाईंनी दातांवरचं कडक कीटण काढलं. मग मला हातात घेऊन, दात आणि हिरडी भेटतात तिथे तिरकं धरून, हलकेच फिरवून दाखवलं. दातांच्या फटींसाठी धागा दिला. मला तर बेड्या सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ मी कामाला लागलो. लाली ओसरत गेली, आणि एके दिवशी चुळीचं पाणी अगदी स्वच्छ पडलं. माझा जीव भांड्यात पडला. मालकीण आरशात बघून हसली आणि तोंड न पुसताच वाजवायला धावली.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आलं तर आमच्यावर रुसू नका. हळुवार घासत राहा आणि वेळेत डॉक्टरांना दाखवा. आमचे केस पांगले की बदलाही, त्याचा आम्हाला राग नाही.

आज मालकीण नवा ब्रश आणायला निघाली, तेव्हा बाबा दारापर्यंत आले.

"दोन आण."

"दोन कशाला, बाबा?"

"वरचे गेले," ते म्हणाले. "खालचे अजून माझेच आहेत."