चार कड्या

"बाबा, थांबा! मोडेल ते!"

मी सायकलचं पेडल सोडलं. मागच्या मोठ्या चकतीवर चढताना चेन तारेसारखी ताणली होती आणि गिअरचा हात पुढे ओढला जाऊन वाकायला आला होता. चेन तोकडी पडली होती. नवी कोरी, मीच तोडलेली.

"किती कड्या ठेवल्यात?" मुलीने विचारलं.

"एकशे आठ. तुझ्या आईच्या सायकलला एवढ्याच लागतात."

"लावून बघितली नाहीत?"

"मला शिकवतेस?"

माझ्या सायकलच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आधी पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून चेन फिरवून बघा, वर दोन कड्या ठेवा, मग तोडा. आज मीच विसरलो. बायको जाऊन चार महिने झाले, कामात लक्ष लागत नाही. त्यात मुलीचा कामावरचा पहिला दिवस, आठला पोचायचं.

ती वाकून बघत होती. "ही चकती केवढी मोठी आहे! पूर्वी अशी नव्हती."

नव्हती. गेल्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, हल्ली चढाला दम लागतो." मी म्हटलं, "त्यात काय, मोठी चकती टाकतो." त्याच दिवशी टाकली, एकशे आठ कड्यांची चेन चार कड्यांनी वाढवली. चढ हलका झाला. ती खूश, मीही खूश. आठ महिन्यांनी तिला तपासून डॉक्टरांनी मला विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"जुनी छोटीच बसवा ना," मुलगी म्हणाली. "चेन पुरेल. मला कुठे दम लागतोय!"

"राहू दे ती."

उरलेल्या तुकड्यातल्या चार कड्या जोडायला घेतल्या. पिन दोनदा हातातून निसटली. ती घड्याळ बघत होती. या वेळी चेन मोठ्या चकतीवर अलगद चढली.

"चढाला दम लागला तर उतर, चालत जा," मी म्हटलं. "आणि घरी आल्यावर मला सांग."

"बाबा, मी सव्वीस वर्षांची घोडी आहे."

"सांग म्हटलं ना."

ती निघाली. मी फाटकापाशी उभा राहिलो. चढाच्या मध्यावर ती उतरली, खाली वाकली. मी तसाच धावत सुटलो. एक चप्पल फाटकातच राहिली.

"लेस सुटलीय बुटाची!" ती वरून हसत ओरडली. "लेस!"

मी हात वर केला. ती लेस बांधून, सायकलवर बसून वळणाआड जाईपर्यंत रस्त्यातच उभा राहिलो. मग चप्पल घ्यायला मागे वळलो.