तेरा प्रश्नांतला नववा

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून होतो, आणि त्याआधी तेरा प्रश्न विचारतात. प्रत्येकाला उजवा हात वर करून ‘होय’ म्हणायचं. नववा प्रश्न चहा-कॉफी सोडण्याचा. तिथेच आमच्या ह्यांचं घोडं पेंड खात होतं, एकतीस वर्षं!

ह्यांनी मटण सोडलं, सिनेमा सोडला. शनिवारी उपासनेला येता यावं म्हणून पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रविवारी एकटे लेथवर उभे राहिले. कॉफी मात्र सुटेना.

“आधी हात वर करा, मग सोडा हळूहळू,” मी म्हणायचे. बाकीच्यांनी तेच केलं होतं.

“सुलभा, पाळता येणार नाही त्याला होय कसं म्हणू?”

म्हणजे खोटं बोलणारे सभासद, आणि खरं बोलणारा माझा नवरा मागच्या बाकावर पाहुणा. आणि हे प्रश्न शिकवणारी बाई कोण? मीच! फार राग यायचा. गेल्या वर्षी ह्यांचं बायपास झालं तेव्हा मात्र भीती वाटली. हे असेच गेले तर मंडळीच्या यादीत नावसुद्धा नसणार.

जूनमध्ये नव्या पाळकांनी, महांतेशांनी, नवी कार्डं वाटली. तेराचे तीनच प्रश्न झाले होते. शरीर निरोगी ठेवा, एवढंच होतं. कॉफीचं नाव नाही. मी लगेच फोन केला.

“पाळकसाहेब, छापताना ओळ राहिली का?”

“नाही अक्का, आता असंच आहे.”

“अहो, गल्लीत आम्हाला ‘कॉफी न पिणारे’ म्हणून ओळखतात!”

“येशूचे म्हणून ओळखलं तर स्वल्प बरं नाही का?” ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले.

आधी संतापले. एकतीस वर्षं मी भांडले कशासाठी? मग स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले आणि फार हलकं वाटलं.

ह्यांनी कार्ड दोनदा वाचलं, मागची कोरी बाजूही तपासली. “ह्याला मी होय म्हणू शकतो,” म्हणाले.

शनिवारी हौदापाशी त्यांनी तिन्ही वेळा हात वर केला. आमच्यात शेवटचा प्रश्न सभासदांना असतो.

“नंदकिशोर यांना आपल्यात घ्यायला ज्यांची संमती—”

पाळकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर गेला. पाठोपाठ दुसराही.

“अगं, एकच करायचा असतो,” शेजारची चंद्राबाई कुजबुजली.

मी दोन्ही वरच ठेवले.