पुढचा खांदा

माजी मंत्री तात्यासाहेब भोवड यांना धामणखोलच्या शिमग्यात भर गर्दीत गोळी घातली गेली, आणि तिथे जमलेल्या सातशे माणसांपैकी एकाचंही त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तात्यासाहेब गोळीतून वाचले असते, तरी या अपमानाने गेले असते.

दोष गावाचा नाही. देवीची पालखी नाचत असताना मंत्र्याचं तोंड कोण बघतो? त्यासाठी वर्षभर बॅनर लागलेले असतात. पन्नास मोबाईल चालू होते आणि पन्नासही मोबाईलमध्ये देवीचा चांदीचा मुखवटा नि गुलालाचा धुरळा. ढोलाच्या दणक्यात गोळीचा आवाज फटाक्यात जमा झाला. मारेकरी मोटारसायकलवर मागे बसलेला, चालवणारा हेल्मेट घातलेला. दोघे गेले ते गेलेच. गाडी दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात सापडली, आणि ती निघाली गावातल्याच विनोदची.

गाडीची किल्ली गाडीलाच ठेवायची, ही धामणखोलची खोड. चोराला बिचाऱ्याला त्रास नको. पण मुंबईहून आलेल्या तपास पथकाला असा भाबडेपणा कुठून पटणार? गाडी याची, म्हणजे हेल्मेटातलं डोकंही याचंच. विनोदला उचलला. टीव्हीवाल्यांनी त्याचा लग्नातला फोटो आठ दिवस फिरवला, त्यात सावित्रीला अर्धी कापून.

सावित्री त्याची बायको. नवऱ्याने पोलिसांना काय सांगितलं ते तिला तोंडपाठ होतं. “मी गाडीवर नव्हतोच. मी पालखी नाचवत व्हतो. पुढचा खांदा माझा व्हता.” तिने ते देवीच्या शब्दासारखं धरून ठेवलं. ती स्वतः बायकांच्या घोळक्यात होती, तिथून पालखीचं नुसतं छत दिसतं. पण विनोद कधी खोटं बोलत नाही, अशी तिची खात्री. आता एवढंच सिद्ध व्हायचं होतं. सातशे माणसं होती, त्यातल्या दोघांनी ‘हो’ म्हटलं की नवरा घरी.

पण पोलिसांनी गावाला जे विचारलं तेच मुळात नको ते विचारलं.

पालखी नाचवायला दोन खांदे लागतात. मागचा गुरवाचा, त्यात वाद नाही, आणि त्याला तिथून पालखीपुढचं काही दिसत नाही. पुढचा मान वरच्या वाडीचा की खालच्या वाडीचा, यावर रत्नागिरीच्या कोर्टात दावा चालू आहे. मूळ भांडणारे कधीच वर गेले, त्यांच्या वकिलांची पोरं आता वकिली करतात, दावा मात्र ठणठणीत आहे. त्यामुळे “त्या वेळी पुढचा खांदा कोणाचा होता?” असं पोलिसांनी विचारताच गावाच्या लेखी खून राहिला बाजूला. सरकार स्वतः मान लिहून घ्यायला दारात आलंय, आता मागे राहील तो वेडा.

वरच्या वाडीचे आप्पा म्हणाले, “माझा.” वय पंचाहत्तर, जिना चढताना दोनदा बसतात. खालच्या वाडीचा गंगाराम म्हणाला, “छ्या, माझा. आप्पाला कोण देतो?” मग दोन्हीकडचे भाऊबंद पुढे सरसावले. अकरा जणांनी सांगितलं की गोळी सुटली तेव्हा दांडा त्यांच्याच खांद्यावर होता. त्या अकरांत विनोद नव्हता, कारण विनोद कोणाचाच नव्हता. त्याचा आजा मंडणगडहून घरजावई म्हणून आला. तीन पिढ्या इथल्या मातीत राबूनही ही माणसं अजून ‘मंडणगडवालेच’.

“दांडा एक, खांदे अकरा,” विनोदच्या वकील हफीजा मुकादम म्हणाल्या. “सावित्रीबाई, एकजण खोटा असता तर मी त्याला उलट्या प्रश्नांनी सोलला असता. इथे अख्खा गाव आहे.”

सावित्री आप्पांच्या पायऱ्या झिजवून आली. “आप्पा, माझा संसार बुडतोय. एवढं सांगा, पालखी ह्यांच्याकडं व्हती.”

“सूनबाय, तुझ्यासाठी जीव देईन,” आप्पा म्हणाले. “पन खांदा मागू नको. तो वाडीचा हाय.”

त्या जिवाचं तिने काय लोणचं घालायचं होतं? घरी येईपर्यंत ती रडली आणि दारात पोचल्यावर तिला राग आला. राग तिला नेहमी मानवतो. मान हवाय ना मेल्यांना, मग घ्या म्हणावं पोटभर.

दुसऱ्या दिवशी मासे घ्यायला गेली असता गंगाराम भेटला. ती पदराने डोळे पुसत त्याला म्हणाली, “भाऊ, सांभाळून ऱ्हावा. मुंबईचे सायेब आता म्हनतायत, पुढच्या खांद्यावाल्यानंच पालखी मुद्दाम वळवली न् मोटारसायकलीला वाट करून दिली. पुढचा खांदा ज्याचा, तो कटात. ह्यांची तं आता फाशीच.”

गंगारामने बांगडे तसेच टाकले. तिन्हीसांजेपर्यंत बातमी दोन्ही वाड्यांत फिरली, आणि कित्येक वर्षांत प्रथमच दोन्ही वाड्यांचं एकमत झालं.

खटला उभा राहिला. आप्पा पिंजऱ्यात कठडा धरून उभे राहिले. हफीजाबाईंनी विचारलं, “पुढचा खांदा तुमचा होता?”

“माझा? मना मणक्याचा विकार हाय. मी नारळ उचलत नाय.”

“पोलिसांना तसं सांगितलंत की.”

“घाबरून बोल्लो, बाय.”

गंगारामने तर शपथेवर सांगितलं की तो पालखीकडे पाठ करून भजी खात होता. एकामागून एक अकरा जणांनी खांदे झटकले. शेवटी न्यायाधीशही वैतागले. “अहो, मग पालखी काय हवेत नाचत होती? पुढे होतं कोण?”

“विनोद,” अकराही जणांनी सांगितलं. गुलालाने माखलेला, घामाघूम झालेला, ढोलाच्या तालावर गुडघ्यात वाकलेला विनोद. त्याचं नाचणं त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की सरकारी वकीलही तालावर मान डोलवायला लागले. पालखीखाली असलेला माणूस मोटारसायकल चालवू शकत नाही, हे कायद्यालाही मान्य करावं लागलं. विनोद सुटला. तात्यासाहेबांचे मारेकरी अजून सापडायचे आहेत. पथक कसून शोध घेत आहे, असं पथकच सांगतं.

घरी सावित्रीने त्याला भात वाढला, सोड्यांचं कालवण वाढलं. तिचा ऊर भरून आला होता. “देवीनंच तुमच्या खांद्याची लाज राखली,” ती म्हणाली.

विनोदचा हात ताटातच थांबला.

“मी नव्हता गो दांडा धरलेला.”

सावित्रीने कालवणाची पळी खाली ठेवली. “मग कुठं व्हतात?”

“थितंच. पालखीच्या बाजूला. टॉवेलाची घडी करून खांद्यावर टाकलेली, कोन बोलावतोय काय बघत.” तो भात चिवडत राहिला. “दर वर्साला ऱ्हातो. बाबाही तसाच ऱ्हायचा. आपल्याला देत नाय कोन.”

सहा महिने तो तुरुंगात होता. ती वणवण फिरली होती, दागिने मोडले होते, लोकांच्या पाया पडली होती. तिला ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं.

“अवो, मग पोलिसांना तेच सांगायचं. नुसता उबा व्हतो म्हनून. खरंच व्हतं की ते.”

“कसं सांगू?” विनोद म्हणाला. “जबानी घेताना दारात सगळा गाव उबा व्हता.”