चिंचोक्याची खळ

आटपाडीच्या नाथाजी सणगराच्या घरात मागावर कुणीही बसावं, पण चिंचोक्याची खळ शिजवायची ती नाथाजीनेच. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना ती पाजली की लोकर ताठ होते. पातळ पडली की धागा मागावर तटातटा तुटतो. खळ जमली की नाही, हे तो चिमटीत धरून बघायचा. डोळ्यांपेक्षा माझी बोटं शहाणी, असं चारचौघांत सांगायचा.

यंदा देवाच्या बैठकीची घोंगडी त्याच्या थोरल्या बहिणीला, चंद्राबाईला हवी होती. बैठकीच्या घोंगडीत गाठ चालत नाही, ही त्यांच्या भावकीची रीत. म्हणून बाई आधीच येऊन अंगणात ठाण मांडून बसली. आणि तिच्या डोळ्यांदेखत नाथाजीच्या सुनेच्या, संयोगितेच्या हाताखाली धागे तुटू लागले. नाथाजीने ताण सैल करून पाहिला, मागाच्या फणीला कुठे कुसळ आलंय का ते बघितलं, हलक्या हाताने ठोकायला सांगितलं. तुटायचे ते तुटतच राहिले. एवढ्या गाठी पडल्या की घोंगडी देवाच्या कामाची उरली नाही.

मग राग निघाला सुनेवर. संयोगिता विट्याची, माहेरी यंत्रमाग. मशीनच्या घरची पोर, हिला लोकर काय कळणार, असं तो बहिणीसमोर बोलून गेला. चंद्राबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने ते भावकीभर केलं, पार विट्यापर्यंत पोचवलं. संयोगिता खाली मान घालून गाठी मारत राहिली.

बहीण गेल्यावर अंगणात उभ्या धाग्यांचा नवा ताणा ताणला. सकाळी नाथाजीने खळ दिली आणि आत जाऊन आडवा झाला. दुपारी तहान लागली म्हणून उठला, तर सून दुसऱ्याच पातेल्यातली खळ त्याच धाग्यांवर कुंच्याने पुन्हा चढवत होती. सासऱ्याला बघून तिने पातेलं पदराआड ओढलं.

"कवापास्नं करतीस हे?"

"तुमच्या बोटांस्नी कळंना झालं तवापास्नं, मामा. खळ पातळ ऱ्हाती. त्या खेपंला आत्याबाई अंगणातनं हलल्याच न्हाईत, म्हणून जमलं न्हाई."

वर्षभर ज्या खळीची वाहवा त्याने मिशीला पीळ देत ऐकली, ती हिची होती. तुटलेले धागे तेवढे त्याचे. साखरेच्या दुखण्याने बोटं मुकी झालीत हे त्याला ठाऊक होतं. कबूल करायची छाती नव्हती. नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी न पिताच तो आत गेला.

नवी घोंगडी बिनगाठीची उतरली. न्यायला आलेल्या चंद्राबाईने तिच्यावरून हात फिरवला आणि भावाच्या खळीचं तोंड भरून कौतुक केलं.

"खळ सुनंची हाय, आक्का. मागं तुटलं ते माज्यामुळं."

चंद्राबाई हसली. जमलेल्या शेजारणींना म्हणाली, बघा, सुनेची अब्रू झाकायला माझा भाऊ स्वतःला खोटं पाडतोय, केवढं मोठं मन. नाथाजीला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. खरं बोलूनही मोठेपणा त्याच्याच पदरात पडत होता, आणि सून नावाला लागलेला बट्टा घेऊन तशीच दाराशी उभी होती.

त्याने काठ शिवायचा दाभण उचलला आणि सगळ्यांदेखत बोटाच्या टोकात खुपसला. रक्त आलं. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"ह्याच बोटांनी म्या खळ बघत हुतो," तो म्हणाला.

चंद्राबाईची नजर भावाच्या बोटावरून सुनेकडे वळली. रक्त घोंगडीवर सांडायच्या आत संयोगितेने ती पटकन ओढून घेतली.