करंजवाडीची गाडी

करंजवाडीची एसटी संपाच्या काळात बंद झाली ती पुन्हा आलीच नाही. पोरी बोरीच्या शाळेला ऑटोत कोंबून जायच्या, काही मागं लटकून. मागच्या आठवड्यात ऑटो ओढ्याच्या वळणावर कलंडला आणि लिंबाजीच्या नातीचा हात मोडला. त्याच संध्याकाळी लिंबाजीच्या ओट्यावर बाया जमल्या आणि सोमवारी बोरीच्या स्टँडवर जाऊन बसायचं ठरलं. पुढाकार तानुबाईच्या सुनेचा, श्रद्धाचा.

घरी आल्यावर श्रद्धानं सासूला विचारलं, "आत्याबाई, मागं तुमी गाडी आडवली होती म्हणतेत. कसं केलं होतं सांगा की."

तानुबाई शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले. हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"आमची राजी घरी बसली होती," ती म्हणाली, "तिथून सुरू झालं सगळं."

राजी म्हणजे राजेश्री, तिची थोरली. पहिल्या नंबरानं सातवी झाली आणि गावातली शाळा संपली. पुढची शाळा बोरीला. मधे ओढा, रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणूस बुडेल एवढी ज्वारी. पोरीच्या जातीनं एकटं कुठं जायचं, म्हणून घरच्यांनी तिला कापूस वेचायला लावलं. राजीनं रडारड केली नाही. वाकून वेचता वेचता ती सातवीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायची. सगळ्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून. तानुबाई पुढं वेचत ते ऐकायची. पलीकडच्या ओळीत कुसुमबाई असायची आणि तिच्याही मागं तशीच शाळा सुटलेली पोरगी. त्या दोघी आया आधी एकमेकींशी बोलल्या, मग घरोघरी गेल्या.

गाडीसाठी डेपोत दरखास्ती दिल्या. उत्तर यायचं, रस्ता गाडीजोगा नाही, आणि प्रवासीही नाहीत. रस्त्याचं बायांनी मनावर घेतलं. शेतातून परतल्या की टोपली घ्यायची, खदानीतला मुरूम आणायचा आणि खड्डे बुजवायचे. गडीमाणसं आधी हसली. मग एकानं लाजून बैलगाडी जुंपली, त्याच्यामागं बाकीचे आले. रस्ता झाला, तरी गाडी येईना. तेव्हा बाया बोरीला गेल्या आणि स्टँडवरच्या उभ्या गाडीपुढं बसल्या.

"भ्या न्हाई वाटलं?" श्रद्धानं विचारलं.

"वाटलं की! कुसुमबाई तर माझा पदर धरून बसली होती. पण मजाबी लय आली बघ."

सांगता सांगता म्हातारीचा चेहरा उजळला. भीती मोडल्यावर कुसुमबाईनं जात्यावरच्या ओवीच्या चालीत डेपोच्या साहेबालाच गुंफलं होतं. फौजदार दरडावायला आला, तर एका म्हातारीनं त्याचं गाव, त्याच्या आईचं माहेर विचारत सोयरिकच काढली. बिचारा चहा पिऊन गेला. गावात एरवी एकमेकींच्या दारात पाऊल न टाकणाऱ्या बाया तिथं एकाच फडक्यातली भाकरी मोडत होत्या. तसं बसणं, तसं हसणं पुन्हा झालं नाही. कुसुमबाई तर आता राहिलीही नव्हती.

"मग गाडी आली कशी?"

"ती आमी न्हाई आणली बाई. डायव्हरनं आणली."

भुजंग त्याचं नाव. बोरीला आलेली त्याची गाडी परतीची वेळ होईस्तोवर नुसती उभी असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जागेवर बसला आणि खिडकीतून म्हणाला, "चढा बायांनो. बघू तुमचा रस्ता." कंडक्टर 'हुकूम न्हाई, हुकूम न्हाई' करत राहिला. गाडी मुरमावरून धुरळा उडवत वेशीत शिरली तेव्हा अख्खं गाव धावत आलं. कुणी चाकाला हळदीकुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. भुजंग चहासुद्धा न घेता गाडी वळवून गेला. त्याला निलंबित केलं, मग कुठंतरी लांब बदली झाली. पण करंजवाडीला गाडी जाते हे आता सगळ्यांनी पाहिलं होतं. शाळा उघडायच्या आत फेरी मंजूर झाली. राजी शिकली, शिक्षिका झाली, सेलूला स्थिरावली. त्या माणसाची मात्र पुन्हा भेट झाली नाही.

एवढं सांगून तानुबाई पुन्हा शेंगा फोडू लागली. सकाळी उठून तिनं लेकीला फोन लावला. "राजे, त्या डायव्हरचा पत्ता काढ."

राजेश्रीनं एसटीतल्या जुन्या माणसांकडं चौकशी केली. निघालं असं, की भुजंग निवृत्त होऊन सेलूतच राहत होता, कापसाच्या जिनिंग मिलमागच्या गल्लीत. रविवारी मायलेकी त्याच्या दारात उभ्या राहिल्या. तो बाजेवर बसला होता. गुडघे गेले होते, मनगटं अजून जाडजूड होती. त्यानं ओळखलं नाही. पण करंजवाडीचं नाव ऐकताच उठायला धडपडला.

"मुरमाचा रस्ता!"

"व्हय भाऊ. अन् ही माझी राजी. हिच्यापायीच समदं."

भुजंग राजेश्रीकडं बघत राहिला. "हीच का? हिनंच मला विचारलं होतं."

"मी? काय विचारलं होतं?" राजेश्रीला काहीच आठवेना.

"तुमी बाया गाडीपुढं बसल्या होत्या, ही माझ्या खिडकीखाली आली. म्हणली, काका, गाडी हितं रिकामीच उभी ऱ्हाती, तेवढ्यात आमच्या गावाला काऊन येत न्हाई? दरखास्तीला उत्तर द्यायला साहेब होते. पोरीला उत्तर मला द्यायचं होतं, अन् मला काही सुचंना. जेवण गेलं न्हाई मला."

तानुबाईचा आवाज खाली आला. "तुमचं लय नुकसान झालं आमच्यापायी."

"झालं. खोटं कशाला बोलू? बायको वर्षभर धड बोलली न्हाई." मग तो हसला. "पण दसरा सोडून माझ्या गाडीला हळदीकुंकू लागलं, ते त्याच दिवशी."

सोमवारी तोही बोरीला आला. राजेश्रीनं रजा टाकून त्याला मोटारीनं आणला. स्टँडवर श्रद्धा, तानुबाई आणि बाकीच्या बाया बसल्या होत्या. एसटीचा ड्रायव्हर कोवळा होता. भुजंग कोण ते कळताच तो कसनुसा झाला. "काका, मला न्हाई जमणार तसं. आता गाडी कुठं हाय ते डेपोत बसल्या जागी दिसतंय."

"तू कशाला नेतूस?" भुजंग म्हणाला. "ह्यांचं ह्या बघतेत."

दुपार कलल्यावर डेपोचे साहेब आले. सभ्य होते, शांतपणे बोलले. पण बोलणं तेच, त्या रस्त्याला प्रवासी नाहीत. श्रद्धानं वाद घातला नाही. तिनं मागं वळून हात केला. शाळा सुटली होती. करंजवाडीच्या आणि पलीकडच्या वाड्यांच्या पोरी गणवेशातच येऊन स्टँडभर उभ्या राहिल्या.

"मोजा साहेब," श्रद्धा म्हणाली.

साहेब मोजू लागले आणि अर्ध्यातच थांबले. मग त्यांनी फोन लावला. शाळेच्या वेळेला एक फेरी, सध्या चाचणीपुरती, एवढं कबूल करून ते गेले.

गाडी आली त्या सकाळी तानुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून वेशीत उभी होती. तिला बोरीपर्यंत जाऊन यायचं होतं. पण पोरी आधी घुसल्या. कंडक्टर बाई दारातून म्हणाली, "आजी, पाय ठेवायला जागा न्हाई वो. उद्या या."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तानुबाईनं राजीला फोन लावला. "गाडी खचाखच भरून गेली! मला चढूबी दिलं न्हाई!" ती एवढी हसत होती, की राजेश्रीला आधी नीट कळेचना.

फोन ठेवून, हे सांगायला म्हणून ती सवयीनं कुसुमबाईच्या घराकडं वळली. अंगणात पोचल्यावर भान आलं. मग तिथंच पायरीवर ती थोडा वेळ बसली आणि पदर सावरत ती जुनी, साहेबाची ओवी गुणगुणू लागली.